कोरड्यास

लातूरला खोली बघायला आप्पा सोबत आले होते. दारातून आत पाऊल टाकलं आणि त्यांनी आधी वर बघितलं. कडी-कोयंडा, खिडकी, मोरी सगळं राहिलं बाजूला, छताकडंच बघत उभे. मग मुठीनं भिंतीवर दोनदा ठोकलं आणि घरमालकीण काकूंना विचारलं, "स्लॅब किती इंची हाय?"

काकूंना वाटलं, भाड्याचं विचारतायत. "एका मुलीचे आठशे. लाईटबिल वेगळं."

"भाड्याचं न्हाई, स्लॅबचं विचारायलोय."

आमचं गाव औशाच्या पुढं, किल्लारीच्या पट्ट्यात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बुडवून लोक नुकते कुठं झोपले होते आणि भूकंप झाला. माणसं मेली ती बरीचशी आपल्याच घराखाली. दगडमातीच्या हातभर रुंद भिंती आणि वर मातीचं माळवद. पावसाळ्यात गळतं म्हणून त्यावर आणखी माती टाकायची, म्हणजे डोक्यावरचं ओझं दरसाल वाढतच जायचं. मी त्यानंतर चार वर्षांनी जन्मले. मला माळवद माहीत नाही, पुनर्वसनातली एका रांगेतली, एकसारखी घरं तेवढी माहीत. पण आजी काही शेवटपर्यंत छताखाली झोपली नाही. पावसाळ्यात पत्र्याच्या शेडात, एरवी अंगणात. आप्पा आजही परक्या घरात गेले की आधी वर बघतात, मग रामराम घालतात.

काकूंचा मुलगा आतून ओरडला, "पाच इंची." आप्पांनी मान हलवली, पायरीवर बसून चपला घातल्या आणि म्हणाले, "छत चांगलं हाय. बाकीचं तुझं तू बग."

जून २०१५. मी अठरा वर्षांची. 'बाकीचं' म्हणजे काय काय असतं, हे आप्पांनाही नीट ठाऊक नसावं. मला तर नव्हतंच.

खोली खाडगाव रोडच्या बाजूला. आम्ही तिघी: एक उदगीरची, एक देवणीची आणि मी. पहिल्याच आठवड्यात आम्ही एकमेकींना गावाच्या नावानं हाका मारायला लागलो. "ए उदगीर, लाईट बंद कर." देवणीला याचा राग यायचा, कारण आमच्याकडं देवणी म्हटलं की माणसाच्या आधी बैल आठवतो. ती बीएला, आम्ही दोघी बीएस्सीला. उदगीरनं मेस लावली होती. देवणी स्टोव्हवर खिचडी करायची, तिन्ही त्रिकाळ. माझा डबा एसटीनं यायचा.

हे पुण्याच्या मैत्रिणींना सांगितलं तर त्या विचारतात, "रोज? कुरिअरनं?" कुरिअर कसलं, मुक्कामाची गाडी! रात्री गावात थांबलेली एसटी सकाळी साडेसहाला निघते. तोपर्यंत आईच्या भाकरी थापून झालेल्या असतात, म्हणजे ती चारला उठलेली असते. आप्पा डबा घेऊन पारापाशी उभे. ड्रायव्हरच्या शेजारी बॉनेटवर दहा-बारा डबे बसायचे. कुणाच्या कडीला लाल लोकर, कुणाच्या कडीला फुटक्या बांगडीचा तुकडा बांधलेला, कुणाच्या झाकणावर ऑईलपेंटनं नाव. माझ्या डब्यावर आप्पांचं नाव होतं आणि खाली गावाचं. नवा कंडक्टर असला की तो आप्पांचं नाव मोठ्यानं पुकारायचा आणि मी "हजर" म्हटल्यासारखी पुढं व्हायची. सव्वाआठला गाडी लातूरच्या स्टँडला लागायची. कालचा रिकामा डबा द्यायचा, आजचा भरलेला घ्यायचा. दोन डबे, आलटून पालटून. गाडी दिवसभर इकडच्या तिकडच्या फेऱ्या मारून संध्याकाळी पुन्हा आमच्या गावी मुक्कामाला, आणि रिकामा डबा आईकडं.

रिकामा म्हणजे धुतलेला, हे सांगायची गरज नसते. आमच्याकडं शेजारणीची वाटीसुद्धा कुणी नुसती परत देत नाही, चिमूटभर साखर तरी घालतात. खरकटं भांडं परत पाठवणं म्हणजे बाईच्या जातीला शोभत नाही, वगैरे. ते 'वगैरे' मी आजीकडून पुष्कळ ऐकलं होतं.

डब्यात दोन वेळच्या मिळून चार भाकरी आणि कोरड्यास. पुण्याकडं हा शब्द समजावून सांगावा लागतो. भाकरीबरोबर जे काही खाल ते आमच्याकडं कोरड्यास. वाटीभरून वाहणारी आमटी असली तरी ती कोरड्यासच. मी लहानपणी आजीला विचारलं होतं, ओल्या आमटीला कोरड्यास का म्हणायचं? ती म्हणाली, "भाकर कोरडी असती म्हून. गिळ आता."

स्वातंत्र्याचं विचाराल तर पहिले पंधरा दिवस मला त्याचं काय करायचं तेच कळलं नाही. घरी दिवेलागण झाली की हाताला काम असायचंच. म्हशीला पाणी, देवापुढं दिवा, चुलीला जाळ, धाकट्याचा अभ्यास. इथं सहा वाजायचे, साडेसहा वाजायचे, कुणी काही सांगायचं नाही. झाडलेली खोली मी पुन्हा झाडायची. उदगीर एकदा वैतागली, "अगं बस की! कुणी बघायला येणार न्हाई." मी झाडणी तशीच हातात धरून उभी राहिले. खरंच, कुणी बघायला येणार नव्हतं. मग काय करतात माणसं?

त्या रविवारी मी नऊपर्यंत झोपायचं ठरवलं. पाचला डोळे उघडले. पण ठरवलं होतं ना, म्हणून हट्टानं चार तास डोळे मिटून पडून राहिले. पाठ दुखायला लागली. संध्याकाळी एकटीनं गाड्यावर जाऊन दहा रुपयांची पाणीपुरी खाल्ली आणि हिशेबाच्या वहीत 'झेरॉक्स १० रु.' असं लिहिलं. ती वही आप्पांनी कधी मागितली नव्हती, पुढंही मागितली नाही. ती अजून माझ्याकडं आहे. पहिल्या महिन्यातले झेरॉक्स बघितले तर वाटावं, पोरीनं अख्खी लायब्ररी छापून आणली.

कॉलेजचं फार सांगण्यासारखं नाही. सीबीझेड ग्रुप, म्हणजे केमिस्ट्री, बॉटनी, झूलॉजी; सकाळी लेक्चर, दुपारी प्रॅक्टिकल, पांढरा ॲप्रन. लातूरमध्ये अठरा वर्षांच्या मुलीनं "बीएस्सी करते" म्हटलं की समोरचा दोन सेकंद गप्प बसतो. त्या दोन सेकंदांत 'मेडिकलला नंबर लागला नाही वाटतं' हे त्याचं मनातल्या मनात म्हणून झालेलं असतं. लातूर पॅटर्नचं हे शहर. राज्यभरातली पोरं इथं डॉक्टर व्हायला येतात. आमच्यासारख्यांनी आपलं कडेकडेनं चालायचं.

गंजगोलाईत हरवले ते मात्र सांगते. ही गोल बाजारपेठ १९१७ सालची. मधे देवीचं देऊळ, भोवती गोल इमारत आणि तिला येऊन मिळणारे सोळा रस्ते. कुठं कापड, कुठं सोनं, कुठं भांडी. लहानपणापासून मी तिथं दरवर्षी दिवाळीच्या बाजाराला येत होते, त्यामुळं वाट पाठ आहे असा माझा समज. बादली घ्यायला एकटी गेले, निळी बादली घेतली आणि बाहेर पडले तर रस्ता भलताच. परत आत. दुसऱ्या रस्त्यानं बाहेर, तोही भलताच. तेव्हा लक्षात आलं की इतकी वर्षं मी वाट बघतच नव्हते, आईच्या टाचा बघून चालत होते. विचारावं तर खेड्यातली आहे हे कळेल. जणू न विचारल्यानं ते झाकलं जाणार होतं! बादली घेऊन तिसरा फेरा घालताना बांगड्यांच्या गाड्यावरची म्हातारी म्हणाली, "बाई, बादली इकायलीस का? मगाधरनं हिंडायलीस." मला हसू आलं, रडूही आलं. खाडगाव रोडला कसं जायचं ते तिनं बांगड्या भरलेल्या हातानं दाखवलं. ती बादली लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आप्पांचा फोन रात्री आठला यायचा.

"जेवलीस का माय?"

"जेवले."

"पाणी यायलंय का?"

"यायलंय."

मग माझी पाळी. "सोयाबीन कसंय?"

"बरं हाय."

"पाऊस?"

"येईल की."

चाळीस सेकंदांत सगळं उरकायचं. बाप-लेकीच्या या बोलण्यात खरं असं जवळपास काही नसायचं. ऑगस्टात मला तीन दिवस ताप होता, त्या तिन्ही रात्री मी "जेवले" म्हटलं. आणि पाऊस त्या वर्षी पेरणीपुरता आला आणि गेला, हे लातूरच्या रस्त्यावर चालतानासुद्धा दिसत होतं, तरी आप्पांचं सोयाबीन आपलं "बरं"च. मी त्यावर विश्वास ठेवला. ठेवणं सोयीचं होतं. घरचं बरं आहे म्हटलं की मला पाणीपुरी खाता यायची.

नळ सुरुवातीला आठवड्यानं यायचा, मग पंधरा दिवसांनी, मग कधी येईल ते कुणीच सांगेना. काकूंनी आधी एकेकीला रोज दोन बादल्या मोजून दिल्या. दसऱ्यापासून एक. एका बादलीत आंघोळ, कपडे, भांडी, संडास, सगळं. पहिल्या दिवशी माझी बादली अंगावरच संपली आणि काकूंपुढं उभं राहिल्यावर त्यांनी नुसतं ड्रमचं झाकण लावून घेतलं. त्यांचंही बरोबर होतं. टँकर त्याही विकतच घेत होत्या.

मग मी शिकले. मोठ्या घमेल्यात बसून तीन तांब्यांत आंघोळ, अंगावरचं पाणी खाली घमेल्यात साठतं. त्यात कपडे बुचकळायचे. पिळून निघालेलं काळपट पाणी संडासाला. बादलीत तळाशी उरतं ते भांड्यांना. साबण कमी लावायचा, कारण लावलेला साबण काढायला पाणी लागतं. केस पंधरा दिवसांतून एकदा, तेही तिघींनी वेगवेगळ्या दिवशी. वेणी घट्ट घालून वर तेल चोपडायचं, म्हणजे धुतलेत का नाही ते कळत नाही. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. घरी भांडी घासणं येत होतं, पण पाणी मोजणं येत नव्हतं, ते आईचं खातं. निळ्या बादलीत तळाला चार बोटं पाणी शिल्लक ठेवून मी पहिल्यांदा कॉलेजला गेले त्या दिवशी जो तोरा होता, तो नंतर पहिल्या पगारालाही आला नाही.

या सगळ्या रांगेत डब्याचा नंबर शेवटचा. त्याच्यापर्यंत पाणी पोचेना. भाकरीच्या तुकड्यानं आमटी निपटून घ्यायची, मग पेपरच्या बोळ्यानं पुसायचं. पेपरनं पुसलेला डबा लांबून धुतल्यासारखाच दिसतो. झाकण घट्ट लावून मी तो स्टँडवर द्यायची आणि कंडक्टरकडं न बघता मागं फिरायची.

आई फोनवर काही बोलली नाही. पण आठ-दहा दिवसांत डबा बदलला. आमटी बंद, पातळ भाजी बंद. शेंगदाण्याची चटणी, ठेचा, सुकी मटकी, कधी पिठल्याचा घट्ट गोळा, कधी नुसतेच फडक्यात गुंडाळलेले धपाटे. एक दिवस, दोन दिवस, पंधरा दिवस. मला वाटलं, आईला आता कंटाळा आला. लेक लांब गेली, कशाला चारला उठून फोडण्या घाला? हे असलं काहीतरी वाटून घ्यायला अठरावं वर्ष फार चांगलं. एका रात्री आप्पांना फोन आईकडं द्यायला लावला आणि तिला म्हणाले, "रोज काय चटणीच पाठवतीस? घशाखाली उतरत नाही."

ती म्हणाली, "बरं."

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टँडवर डबा जड लागला. येसराची आमटी होती, झाकण काढायच्या आधीच वास आला. आणि डब्याच्या फडक्याला बांधलेली थंड्याची रिकामी बाटली, लिटरची, पाण्यानं भरलेली. कंडक्टर सगळ्या डबेवाल्यांसमोर ओरडला, "ताई, ह्यातलं पानी प्यायचं न्हाई म्हून निरोप हाय. डबा धुवायला दिलंय."

मागं उभं असलेलं एक पोरगं म्हणालं, "ताई, उरलं तर सांगा."

म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून कळलं होतं. पेपरनं पुसलेला डबा जवळून बघणारी ती एकटीच होती. म्हणूनच तर तिनं कोरडं पाठवायला सुरुवात केली होती, धुवायला लागू नये म्हणून. आणि मी तिलाच बोलले.

यापुढचं लिहायला थोडी लाज वाटते, पण लिहिते. त्या पाण्यानं मी डबा धुतला नाही. दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकल होतं आणि माझ्या ॲप्रनची कॉलर काळी पडली होती. शेजारच्या टेबलावरची मुलगी रोज इस्त्रीचा ॲप्रन घालून यायची, तिच्या घरी बोअर होतं. मी त्या लिटरभर पाण्यात कॉलर आणि दोन्ही बाह्या धुतल्या. डबा पेपरनं पुसला आणि रिकाम्या बाटलीसकट परत पाठवला. रोज बाटली येत राहिली, रोज मी तिच्यात काहीतरी माझं धूत राहिले. आठवड्याभरानं बाटल्या दोन झाल्या.

डिसेंबरात कॉलेजच्या नोटीस बोर्डावर एक यादी लागली. ज्या गावांची पैसेवारी पन्नासच्या आत, तिथल्या विद्यार्थ्यांची परीक्षा फी माफ. तालुक्यावार गावांची नावं. आम्ही सगळे बोर्डाला लटकलो, निकाल बघावा तसे. औसा तालुका, बोट खाली खाली. आमचं गाव सापडलं आणि मला आनंद झाला. खरंच झाला, यादीत नाव सापडल्यावर होतो तसा. "आहे, आहे!" म्हणून मी उदगीरला हाकही मारली. मग हात खाली आला. पैसेवारी पन्नासच्या आत म्हणजे काय, हे शेतकऱ्याच्या पोरीला कुणी सांगावं लागत नाही. पीक निम्मंसुद्धा हाती आलेलं नाही. आणि आप्पांचं सोयाबीन रोज रात्री आठ वाजता "बरं" होतं.

फॉर्मवर पालकाची सही पाहिजे होती. जानेवारीत येळवस आली, तेव्हा फॉर्म घेऊन गावी गेले.

येळवस म्हणजे वेळा अमावस्या. लातूर, धाराशिवकडच्या माणसाला त्याच्या जन्माची तारीख एकवेळ आठवणार नाही, पण हा दिवस तो चुकवायचा नाही. त्या दिवशी लातूर शहर कर्फ्यू लागल्यासारखं रिकामं होतं. सगळे शेतात. ज्याला शेत नाही तो शेतवाल्या मित्राच्या शेतात. कडब्याची कोप उभी करायची, आत पाच पांडव मांडून पुजायचे. आंबिलाचं मडकं, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि भज्जी. भज्जी म्हणजे शिवारात त्या वेळी जे काही हिरवं असेल ते: तुरीचे, वाटाण्याचे, पावट्याचे दाणे, हरभऱ्याचा पाला, मेथी, पात, सगळं बेसनात एकत्र शिजवलेलं. आपलं रान वाटीत घेऊन खायचं. दुसरी कुठली व्याख्या मला येत नाही.

कोप होती, पण वीतभर जुन्या कडब्याची. आजूबाजूला रब्बीची ज्वारी असते, माणूस बुडेल एवढी. त्या वर्षी कोपीतून थेट शेजारच्या गावची टाकी दिसत होती. भज्जी मात्र नेहमीसारखीच लागली. मी दुसऱ्यांदा वाढून घेतली आणि म्हणाले, "तूर तरी आली म्हणायची." आई म्हणाली, "लामजन्याच्या बाजारातनं आणलंय सगळं." शेताच्या पूजेला विकतची भाजी. आप्पा खाली मान घालून जेवत होते.

मी फॉर्म काढला. त्यांनी चष्मा पुसला, वाचला, पुन्हा वाचला.

"गाव यादीत आलंय व्हय?"

"हो. आणि सोयाबीन बरं होतं म्हणं."

"बरंच होतं," ते म्हणाले. "दोन पोती झालं. न्हाई असं न्हाई." मग सही करता करता, वर न बघता, "अन् तुमच्याकडं पाणी यायलंय म्हणं रोज?"

"येतं की," मी म्हणाले. "बाटलीतनं."

त्यांना ठसका लागेपर्यंत हसू आलं. त्या रानात त्या दिवशी दुसरं हसण्यासारखं काही नव्हतं.

संध्याकाळी घरी धाकटा घागरी घेऊन निघाला. टँकर यायची वेळ. पाराजवळ घागरींची रांग लागली होती, प्रत्येकीवर खडूनं नंबर. मीही गेले. टँकरचा पाईप विहिरीत सोडतात, मग सगळ्या बाया काठावरून पोहरे टाकतात, अन् निम्मा गाळ वर येतो. धाकटा सहज म्हणाला, "तायडे, आधी तुझ्या दोन बाटल्या भरायच्या असतेत. मग घागर. आई म्हणती, पहिलं पाणी निवळ असतंय."

मी काही बोलले नाही. घागर डोक्यावर घेऊन आले. सहा महिन्यांत सवय मोडली होती, मान अवघडली.

रात्री आईनं माझी पिशवी उपसली, कपडे धुवायला काढायचे म्हणून. ॲप्रन हातात घेऊन दिव्याकडं धरला. कॉलर पांढरी, बाह्या पांढऱ्या, मधलं सगळं अंग पिवळं. "असं कोण धुतं गं? नुसत्या कडा?" असं म्हणून ती हसली आणि हसता हसता थांबली. कोनाड्यात उद्याच्या दोन बाटल्या भरून ठेवलेल्या होत्या. तिनं तिकडं बघितलं, ॲप्रनकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं नाही. ॲप्रनची घडी घातली.

"बरं केलंस," म्हणाली. "डब्याला काय, पुसलं तरी चालतंय."

पुढचे महिने भराभर गेले. मार्चमध्ये लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली, १४४ कलम. पाच माणसं एकत्र जमायची नाहीत, आणि पाण्याला तर घरटी दोन माणसं लागतात. क्लासवाली मुलं एकेक करून गावी निघाली. ट्युशन एरियातल्या मेसच्या चुली विझल्या. देवणी परीक्षेपुरती येऊन जायची. काकूंनी हात जोडून सांगितलं, "पेपर झाले की दुसऱ्या दिवशी खोली मोकळी करा गं पोरींनो. तुमच्यासाठी न्हाई, पाण्यासाठी म्हणते." प्रॅक्टिकलच्या परीक्षेला मला प्रयोग आला तो पाण्याचा कठीणपणा काढायचा. टायट्रेशन झालं, रंग बदलला, रीडिंग लिहिलं आणि सवयीनं फ्लास्क बेसिनमध्ये ओतला. खाली लॅबच्या शिपाई मामांनी पाईप काढून बादली लावून ठेवली होती. ते म्हणाले, "वता, वता. झाडाला चालतंय."

१२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली. दहा वॅगन, पाच लाख लिटर. पहाटे आली म्हणे, मी झोपेत होते. दिवसभर टीव्हीवर तेच. त्या दिवशी आप्पांचा फोन रात्रीची वाट न बघता दुपारीच आला.

"रेल्वेनं पाणी आलं म्हणं तुमच्या लातूरला?"

'तुमच्या लातूरला.' दहा महिन्यांपूर्वी ते मला आमच्या गावातून उचलून लातूरला ठेवून गेले होते.

"आलंय," मी म्हणाले. "पण आमच्या गल्लीत अजून पोचलं नाही."

"जेवलीस का?"

"नाही. डबा संपला. आता मॅगी करणार आहे."

पलीकडं जरा वेळ शांतता. खरं उत्तर मिळाल्यावर पुढं काय विचारायचं याची त्यांना सवय नव्हती. मग म्हणाले, "आमच्याकडं टँकर दोन दिवस आला न्हाई." मी म्हटलं, "मग उद्या बाटल्या नका पाठवू." ते म्हणाले, "बघतो." बाटली आली. एक.

त्या पावसाळ्यात मांजरा धरण भरलं. मी सेकंड इयरला, त्याच खोलीत, त्याच पाच इंची स्लॅबखाली. हिवाळ्यात एका रात्री दोनच्या सुमाराला मोरीतून भसाभस आवाज आला. महिनोन् महिने उघडाच राहिलेला नळ. आम्ही तिघी उठलो, लाईट लावली आणि त्या थंडीत जे हाताला लागेल ते धुवायला बसलो. चादरी, ॲप्रन, चपला, खिडकीचे गज. उदगीरनं कुलूपसुद्धा धुतलं. मी निळी बादली भरून घेतली आणि डबा काढला. राखेनं घासला, मग पावडरीनं, मग पुन्हा राखेनं. कडीच्या खाचेतलं काळं काडीनं काढलं. झाकण इतकं चकचकीत झालं की त्यात तोंड दिसायला लागलं.

सकाळी तो गाडीवर दिला. रात्री आठला फोन आला, तो आप्पांचा नव्हता.

"अगं, डबा कुणाचा तरी बदलून आलाय बग," आई म्हणाली. "आपला न्हाई हा. नाव तर ह्यांचंच दिसायलंय, पर आपला न्हाई."